कोण सांगितलं तुला?

पत्रकारितेच्या वर्गातली माझी पहिली बातमी परत आली तेव्हा तिच्यातल्या एका शब्दाभोवती तांबडं वर्तुळ होतं. 'हजारो'. बातमी आमच्या गावच्या यात्रेची. 'यात्रेत हजारो भाविकांनी देवीचे दर्शन घेतले', असं मी लिहिलं होतं. लहानपणापासून पेपरात असंच वाचत आले होते. समासात सरांनी कन्नड वळणाच्या गोलसर अक्षरात, पण मराठीतच लिहिलं होतं : कोण सांगितलं तुला?

पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला हे वाक्य चुकलेलं वाटेल. 'कोणी सांगितलं' पाहिजे ना? आमच्या बेळगावात 'कोण सांगितलं' असंच म्हणतात. कन्नडमध्ये 'यारु हेळिदरु' म्हणताना कर्त्याला 'ने' लागत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून आमच्या मराठीनंही तो 'ने' पुष्कळ ठिकाणी सोडून दिलाय. आम्ही 'मी बघितलो' म्हणतो. 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतो. सरांची आईबोली कन्नड. मराठी त्यांनी बेळगावातल्याच शहापूरच्या गल्लीत खेळता खेळता उचललेली. त्यामुळं त्यांचा हा प्रश्न माझ्या घरच्याच भाषेत आला, आणि म्हणूनच बहुतेक तो जास्त लागला.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला. भात आणि रताळ्यांचं. सातवीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकले, पुढं शहरात येऊन मराठी घेऊन बी.ए. केलं आणि मग एक वर्षाच्या पत्रकारिता पदविकेला नाव घातलं. वर्गात आम्ही बावीस जण, त्यात मराठी माध्यमातून आलेले तिघं. पुस्तकं इंग्रजीत, व्याख्यानं अर्धी इंग्रजीत, अर्धी कन्नडमध्ये. कन्नड मला वाचता यायचं, शाळेत विषय होताच. तरी कायद्यावरचं व्याख्यान कन्नडमध्ये ऐकताना मी एका वाक्याचा अर्थ लावेपर्यंत पुढची चार निघून जायची. दिवाळीपर्यंत पाच जणांनी वर्ग सोडला. मीही दोनदा सोडायचं ठरवून सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर, बसची वाट बघत रडलेय.

टिकले ती थोडीशी एका कळफलकामुळं. इनस्क्रिप्टच्या कळफलकात सगळ्या भारतीय लिप्यांसाठी अक्षरांच्या जागा सारख्याच असतात. देवनागरीचा 'क' ज्या कळीवर, कन्नडचाही त्याच कळीवर. माझी बोटं मराठी टाइप करायला शिकली, आणि एका संध्याकाळी भाषा बदलून बघितली तर तीच बोटं कन्नड लिहीत होती. डोळ्यांना जे जड जात होतं ते हातांना येत होतं. त्या दिवसापासून मी कन्नडला घाबरायचं सोडलं.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी सांगितलं होतं, "माझे आजोबा सीमा सत्याग्रहात सहा महिने तुरुंगात होते." हे वाक्य आमच्या घरात उंबऱ्यासारखं आहे, कुणीही आत आलं की ओलांडूनच येतं. सरांनी मान हलवली आणि विचारलं, "सहा महिने? कोण सांगितलं तुला?" मला राग आला. कन्नड माणूस आहे, असंच विचारणार, हे त्या क्षणी मनात आलं. मी म्हणाले, "घरात सगळ्यांना माहीत आहे सर." ते म्हणाले, "बरं. कधीतरी विचारून ठेव."

सर पुस्तकातून कमी शिकवायचे. कोण, काय, कधी, कुठं, का, कसं हे सहा ककार त्यांनी पहिल्याच तासात फळ्यावर लिहिले, खाली एक रेघ मारली आणि सातवा लिहिला : कोण सांगितलं. पहिल्या सहांची उत्तरं या सातव्यावर उभी असतात म्हणाले. मग 'दर्पण'ची गोष्ट सांगितली. 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं, ते मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, हे मला पाठ होतं. त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापलेले असत, हेही वाचलं होतं. पण सरांनी विचारलं, "म्हणजे प्रत्येक बातमी दोन प्रकारचे वाचक वाचणार. एका स्तंभात एक आणि दुसऱ्यात दुसरंच लिहून चालेल काय?" असा विचार मी कधी केला नव्हता. पहिलं कन्नड वृत्तपत्र 'मंगळूरु समाचार' 1 जुलै 1843 चं, आणि ते काढलं हर्मन मोग्लिंग या जर्मन मिशनऱ्यानं, हे मात्र मला पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं कर्नाटकात राहून.

पहिला मोठा अभ्यास सीमाप्रश्नावरचा. तीनशे शब्द. अट एकच : गणपत गल्लीतल्या मराठी वाचकानं आणि सौंदत्तीच्या कन्नड वाचकानं वाचून दोघांनीही म्हणायला हवं की यात खोटं काही नाही. सर म्हणाले होते, "आवडलं नाही म्हणू दे. खोटं आहे म्हणायला नको."

मी तो मजकूर अकरा वेळा लिहिला. सुरुवात शीर्षकापासूनच अडली. आम्ही 'सीमाप्रश्न' म्हणतो. कन्नड पेपर 'गडि विवाद' म्हणतात, म्हणजे सीमावाद. आमच्या शब्दात उत्तर मिळायचं राहिलंय. त्यांच्या शब्दात कुणीतरी भांडण उकरून काढतंय. मग गावाचं नाव. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर ते बेळगावी झालं. मराठीत लिहिताना मी बेळगावच लिहिते आणि लिहीत राहीन. पण सरकारी आदेशाचं वाक्य उद्धृत करताना तिथं माझं नाव घुसडायचं का? अवतरणचिन्हांच्या आत ज्याचं त्याचं राहू दे, बाहेर तुझं, असं सरांचं म्हणणं. एवढ्या साध्या नियमानं अर्ध्या अडचणी सुटल्या.

उरलेल्या अर्ध्या माझ्या आत होत्या. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, हे लिहिलं. महाराष्ट्राचा 865 गावांवर दावा आहे आणि 2004 साली तो सर्वोच्च न्यायालयात गेला, तेही लिहिलं. मधला महाजन आयोग एका ओळीत उरकला : आयोगानं मराठी माणसावर अन्याय केला. समासात पुन्हा तेच. 1966 मध्ये केंद्रानं नेमलेल्या, माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांच्या आयोगानं नेमकं काय म्हटलं, हे मला सांगता येईना. ग्रंथालयात बसले. आयोगानं बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवायला सांगितलं होतं. त्याच अहवालात खानापूर, नंदगड, निपाणीसह 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत असंही होतं, आणि महाराष्ट्राकडची अक्कलकोटसारख्या भागातली 247 गावं कर्नाटकाला. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. कर्नाटक आजही 'महाजन वरदिये अंतिम' म्हणतं, महाजन अहवालच शेवटचा.

माझ्या शेजारी बैलहोंगलचा एक मुलगा बसायचा. त्याच्या मजकुरात 'अहवाल अंतिम' होतं, 264 चा आकडा नव्हता. माझ्या मजकुरात अन्याय होता, बेळगावबद्दलची शिफारस नव्हती. आम्ही दोघांनी वह्या अदलाबदल करून वाचल्या. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. 264 चा आकडा त्याला खरोखरच माहीत नव्हता. तो लपवत होता असं मला वाटलं होतं. माझ्याबद्दल त्यालाही तसंच वाटलं असणार.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगते. माझं मत बदललेलं नाही. माझ्या भाषेत कागद मिळावेत, माझ्या भाषेत शाळा चालाव्यात, आणि इथल्या मराठी माणसाचं म्हणणं न्यायालयात नीट ऐकलं जावं, हे मला आजही तितकंच हवं आहे. ते मांडताना माझ्या हातात पुरता कागद असावा, एवढंच नवीन झालं.

मग 1 नोव्हेंबर आला. बेळगावात या तारखेला दोन दिवस असतात. कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि आमचा काळा दिन. सरांनी कामं वाटली. काळ्या दिनाची फेरी बैलहोंगलच्या मुलाला, राज्योत्सव मला. लहानपणापासून या तारखेला बाबा काळी फीत लावून सायकल काढतात आणि आई आम्हाला बाजारपेठेकडं जाऊ देत नाही. चन्नम्मा चौकात मी त्या दिवशी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बाबांना काय सांगायचं या विचारानं आदली रात्र झोप लागली नाही. सकाळी सांगून टाकलं. फीत लावता लावता ते थांबले. म्हणाले, "कामाला चाललीस ना? मग जा. गर्दीत कडेला उभी राहा."

चौकात तांबडा-पिवळा रंग. हळद आणि कुंकवाचा तो झेंडा. भुवनेश्वरीदेवीचे चित्ररथ, ढोल, भिंतीसारखे रचलेले डीजेचे डबे. बातमीत मी लिहिलं, 'कानठळ्या बसवणाऱ्या डीजेमुळे नागरिक त्रस्त'. सर म्हणाले, "त्रस्त नागरिकाचं नाव सांग." नव्हतं. त्रस्त मी होते. ते म्हणाले, "गणपतीच्या मिरवणुकीची बातमी लिहिलीस सप्टेंबरात. तोच डीजे होता. तिथं काय लिहिलीस?" मी वही उलटून बघितली. 'डीजेच्या तालावर तरुणाई थिरकली.'

त्या वाक्याकडं मी फार वेळ बघत बसले. डबे तेच असतील, भाड्यानं आणलेले. आवाजही तोच.

दुपारी एका मैदानावर होळिगेचं जेवण होतं, म्हणजे आपली पुरणपोळी. लांबून आलेल्या एका बाईंशी बोलले. दोन लहान मुलं घेऊन पहाटेच्या गाडीनं आल्या होत्या. माझं कन्नड अडखळत होतं, त्या सावकाश बोलत होत्या, मुलं मध्येच पदर ओढत होती. बातमीत त्या 'एक महिला' झाल्या. "तिला नाव नाही?" सरांनी विचारलं. मी विचारलंच नव्हतं. इकडच्या कार्यक्रमात मी प्रत्येकाचं नाव, गाव, हुद्दा लिहून घेते. तिथं नाव विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. वर्षभरातल्या माझ्या सगळ्या चुकांत ही मला अजून टोचते, कारण ही अज्ञानातून झाली नव्हती.

बैलहोंगलच्या मुलाची बातमी माझ्यापेक्षा चांगली होती. फेरीतली घोषणा त्यानं शब्दन्‌शब्द उतरवून आणली होती : बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. प्रत्येक शब्द त्यानं फेरीतल्याच एका आजोबांकडून तपासून घेतला होता. मला म्हणाला, "भालकी तर बीदर जिल्ह्यात, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथले लोक काय म्हणतात गं याबद्दल?" ती घोषणा मी चालायला लागले तेव्हापासून देतेय. भालकीला मी कधी गेलेले नाही, तिथल्या एकाही माणसाशी बोललेले नाही. अजूनही गेलेले नाही. जायचं आहे.

'हजारो'चा हिशेब इथंच आला. दोन्ही गर्दी किती, यावर वर्गात भांडण पेटलं तेव्हा सरांनी आम्हाला शनिवारच्या बाजारात नेलं. गर्दी मोजायची एक पद्धत आहे, अमेरिकेत बर्कलीला पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी 1960 च्या दशकात बसवलेली. जागेचं क्षेत्रफळ काढायचं. सुटसुटीत उभ्या गर्दीत माणसामागं दहा चौरस फूट धरायचे, दाट गर्दीत साडेचार, अगदी खेटून असेल तर अडीच. रस्ता चाळीस फूट रुंद आणि तीनशे फूट भरलेला असेल तर बारा हजार चौरस फूट. सुटसुटीत असेल तर बाराशे माणसं, दाट असेल तर सत्तावीसशेच्या आसपास. आम्ही खडेबाजारात पावलांनी रस्ता मोजला, भाजीवाल्या मावश्या बघत राहिल्या. ज्या गर्दीला मी डोळे झाकून 'दहा हजार' लिहिलं असतं ती तीन हजारांच्या आत बसत होती. दोन्ही मिरवणुकांना हे गणित लावल्यावर वर्गातलं भांडण थांबलं. दोन्ही बाजूंचे आकडे खाली आले होते.

जानेवारीत मी एका दैनिकात तीन महिन्यांच्या उमेदवारीला लागले. माझ्याकडं निधनवार्ता आल्या.

सीमाभागात पेपर मागच्या पानांवरून वाचायला सुरुवात करणारे पुष्कळ आहेत. कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी, एवढं बघून मग पुढारी काय म्हणाले तिकडं वळतात. रात्री अकरापर्यंत गावोगावाहून फोन यायचे. नाव, वय, गल्ली, पश्चात कोण कोण, अंत्यविधी, रक्षाविसर्जनाची वेळ. सुना, नातवंडं, पतवंडं मोजून घ्यायची, एक नातू सुटला तर सकाळी फोन येतो. कुणी रडत सांगायचं, कुणी यादी वाचल्यासारखं. सुरुवातीला मला हे काम दुय्यम वाटलं.

एका सोमवारी रात्री पान सुटायच्या वेळेला फोन आला. साठीचे गृहस्थ गेले होते, संध्याकाळीच अंत्यविधी झाला होता. "रक्षाविसर्जन परवा सकाळी आठला," पलीकडून सांगितलं. मी मंगळवारच्या अंकाचं पान करत होते. डोक्यात मंगळवार सुरू झालेला होता. मंगळवारचा परवा गुरुवार. तसं टाइप केलं.

रक्षाविसर्जन बुधवारी झालं. घरच्यांनी जवळच्यांना फोन केलेलेच होते, त्यामुळं त्यांच्या लक्षात आलं नाही. गुरुवारी दुपारी चंदगडकडचे एक म्हातारे ऑफिसात आले. धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. खिशातून पेपरचं कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि घडी हातानं सरळ केली. "सकाळी आठला स्मशानात गेलतो," ते म्हणाले. "कोण नव्हतं. राख पण नव्हती. हे कोण लिहिलं?"

मी म्हणाले, "मी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीवर बसले. गेलेले गृहस्थ त्यांचे पंढरीच्या वारीतले सोबती. एकाच दिंडीत एकामागं एक चालायचे. एकमेकांचा फोन नंबर दोघांकडंही नव्हता, लागलाच नाही कधी. वर्षातून एकदा वाटेवर भेट व्हायची ती ठरलेली. "असूंदे बाळ," ते म्हणाले, "आता राख कुठं सोडलेत तेवढं विचारून सांग."

मी घरच्यांना फोन केला. मार्कंडेय नदीत. मग रजा टाकून मी त्यांच्याबरोबर निघाले. आधी त्या घरी. दारात चपला काढताना त्यांनी मला पुढं केलं आणि ओळख करून दिली, "ही पेपरातली पोरगी." मी काय झालं ते सांगितलं. घरात कुणी रागावलं नाही. चहा झाला. थोरल्या मुलानं आम्हाला गाडीवरून नदीवर नेलं, एकेकाला, दोन खेपांत. म्हाताऱ्यांनी पाण्यात हात बुडवला, डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काठावर बसून राहिले. मी थोडी लांब उभी होते. मला तिथं उभं राहायचा हक्क आहे की नाही हे कळत नव्हतं. संध्याकाळी त्यांना चंदगडच्या गाडीत बसवलं. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून हात केला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आली, दोन ओळींची. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी समजूत घातली नाही. होतं असं, असंही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "फोन करणाऱ्याला वार आणि तारीख परत वाचून दाखवलीस काय?" नव्हती दाखवली. तेव्हापासून मी वारापुढं तारीख लिहिते, आणि 'आज', 'उद्या', 'परवा' हे शब्द माझ्या वहीत असले तरी पानावर जात नाहीत. रोज रात्री तारीख परत वाचून दाखवताना ती टोपी आणि ते कात्रण आठवतं.

माहितीच्या अधिकाराबद्दल थोडक्यात सांगते. गावातल्या माझ्या जुन्या मराठी शाळेचा पट किती, शिक्षक किती, हे मला हवं होतं. 2005 चा कायदा म्हणतो की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा. म्हणजे मराठी शाळेबद्दलचा प्रश्न मला मराठीत विचारता येत नव्हता. अर्ज इंग्रजीत लिहिताना त्या दिवशी घशात काहीतरी अडकलं होतं. शिवाय कर्नाटकाच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केल्यावर आलं. एकाच कागदावर दोन्ही गोष्टी होत्या : शिक्षकांच्या वर्षानुवर्षं न भरलेल्या जागा, आणि दरवर्षी घटत गेलेला पट. शाळा सरकार मारतंय असं लिहायचं मी ठरवूनच गेले होते. रिकाम्या जागांचा रकाना तेच सांगत होता. पण पटातून गळलेली मुलं आमच्याच गल्लीतून सकाळी पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातात, आणि त्यांत माझ्या काकांची दोन आहेत. मी दोन्ही लिहिलं. काका महिनाभर बोलले नाहीत.

शेवटचा अभ्यास घरातल्या थोरल्या माणसाची मुलाखत. हजार शब्द. आजोबा मी लहान असतानाच गेले. आजी आहे, ऐंशीच्या पुढची. कान शाबूत, गुडघे गेलेले. एका दुपारी पडवीत ती शेंगा फोडत बसली होती, मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून शेजारी बसले.

"आजोबा किती दिवस होते तुरुंगात?"

"एकवीस दिवस."

मी थांबले. "सहा महिने ना आजी?"

"सहा म्हैने?" तिनं शेंग खाली ठेवली. "कोण सांगितलं तुला?"

आत बाबा पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला नाही. त्यांना ऐकू गेलं होतं.

"एवढ्या वर्षांनी तुला दिवस कसे आठवतात?"

"मोजलेत की मी. रोज दिवा लावताना गाडग्यात एक चिंचोका टाकत हुते. ते आले त्या दिवशी ओतून मोजले. एकवीस."

मग ती सांगत गेली. सुगीचे दिवस होते. भात कापून शेतात पडलेलं, वर ढग. माझे थोरले काका तेव्हा कडेवर. सासू अंथरुणावर. पोरगं पाठीला बांधून तिनं पेंढ्या खळ्यावर ओढून आणल्या, बैल फिरवून मळणी केली, आणि चोरी होऊ नये म्हणून राशीशेजारी घोंगडं टाकून झोपली. थंडी एवढी की दात वाजायचे. नवरा कुठल्या तुरुंगात आहे हे पहिले आठ दिवस कुणी सांगितलंच नाही. गावात पुढाऱ्यांची सभा झाली, आजोबांचा जयजयकार झाला, तिला ते खळ्यावरून ऐकू आलं. पुढं कितीतरी वर्षांनी आजोबांचा सत्कार झाला, शाल-नारळ. त्या कार्यक्रमाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात आजी नाही.

बाबा बाहेर येऊन चौकटीला टेकून उभे राहिले होते. ते एवढंच म्हणाले, "मी सगळ्यांना सहा महिने सांगत आलो." आजी त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "तू तान्हा पण नव्हतास तेव्हा. तुला काय ठावं."

मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढं केला.

"हे पेपरात येणार काय?" आजीनं विचारलं.

"सरांना देणार आहे. चांगलं झालं तर येईल."

"मग नीट लिही गे. एकवीस लिही." तिनं पुढची शेंग उचलली, मग पुन्हा खाली ठेवली. "आणि मळणी मी एकटी केली नाही. माझा भाऊ दोन दिवस आलता बैल घेऊन. त्याचं पण लिही."